दहा गुणांचे तुकोबा

शनिवार सकाळ. पोहे झालेत, कपडे मशीनला लावलेत, आणि आज कुणाशी तरी भांडायची फार इच्छा आहे. ज्यांना शांत, समतोल वगैरे वाचायचंय त्यांनी पुढच्या शनिवारी यावं.

विषय आहे पुणे विद्यापीठातलं संशोधन. (२०१४ पासूनचं पूर्ण नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पण रिक्षावाल्याला जे सांगतो तेच इथे लिहितो.)

तर झालं असं. २०२५ च्या गणपतीत, ४ सप्टेंबरला, एनआयआरएफची क्रमवारी जाहीर झाली. विद्यापीठांच्या यादीत आपलं विद्यापीठ २३ वरून थेट ५६ वर. २०१८ साली हेच ९ वं होतं. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच मजा सुरू झाली. "बरं झालं वेळेत सुटलो", "डिग्रीची रिसेल व्हॅल्यू गेली" वगैरे. मग एकाने लिहिलं, "अरे ते लोक रिसर्च करतच नाहीत. पेपर कुठेयत?" त्याला सतरा अंगठे मिळाले. त्यातला एक माझा होता. तो आज काढून घेतोय.

कारण त्या सतरा जणांतले निदान बारा जण "आंतरराष्ट्रीय" शोधनिबंधाचे लेखक आहेत. मीही आहे. म्हणजे पेपर कुठेयत या प्रश्नाचं उत्तर, ते आमच्याकडेच आहेत.

२०१९, बी.ई.चं शेवटचं सेमिस्टर. आमचा प्रोजेक्ट होता चेहरा ओळखून हजेरी लावणे. (हसू नका, तुमचाही तोच होता.) मे महिन्याच्या आधी कुणीतरी सांगितलं की प्रोजेक्टवर पेपर छापलेला असला की तोंडी परीक्षेत बरं पडतं. मग एक जर्नल शोधलं. नावाची सुरुवात 'इंटरनॅशनल'ने, शेवट 'टेक्नॉलॉजी'ने, मधे चार-पाच भारदस्त शब्द. सोमवारी पेपर पाठवला, बुधवारी 'स्वीकारला' असं पत्र. परीक्षकांची सूचना एकच, संदर्भांचा फाँट बदला. फी अठराशे रुपये. चौघांत साडेचारशे पडले, जवळपास एका बिर्याणीच्या पार्टीचा खर्च. प्रत्येक लेखकाला सोनेरी कडेचं स्वतंत्र प्रमाणपत्र. माझं आईने फ्रेम करून घेतलं होतं, ते मी नंतर हळूच कपाटावर टाकलं. पेपरात काय होतं? इंटरनेटवरून घेतलेली लायब्ररी वापरली, आमच्या चौघांचे चेहरे तिने ओळखले, दाढी वाढवल्यावर एकाचा नाही ओळखला. हे सहा पानांत. शेवटचं नाव गाईड सरांचं. आमच्यासारखे पाच ग्रुप सरांकडे होते, म्हणजे त्या वर्षी सरांचे पाच पेपर झाले. सर माणूस म्हणून चांगले होते. सातवा तास संपल्यावरही लॅबमध्ये थांबायचे. त्याचे त्यांना शून्य गुण.

आता यातली खरी गंमत. आम्ही हा उद्योग करत होतो त्याच्या एक वर्ष आधी, याच उद्योगाचं सर्वात कडक ऑडिट केलं होतं ते पुणे विद्यापीठातल्याच संशोधकांनी! मार्च २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 'करंट सायन्स'मध्ये आला. यूजीसीने 'मान्यताप्राप्त' जर्नल्सची एक यादी केली होती. त्यातली ५६९९ नावं वेगवेगळ्या विद्यापीठांनी सुचवल्यामुळे आत आली होती. या मंडळींनी त्यातली १३३६ यादृच्छिक पद्धतीने उचलली, जी मोठ्या डेटाबेसमध्ये आधीच होती ती बाजूला काढली आणि उरलेली १००९ एकेक करून तपासली. साधारण एक तृतीयांश जर्नल्स पहिल्याच पायरीवर बाद झाली, कारण पत्ता, वेबसाईट, संपादकांची नावं यातलं काहीतरी चुकीचं किंवा गायबच. त्यानंतर खोटे इम्पॅक्ट फॅक्टर, चुकीचे आयएसएसएन नंबर. एकूण निष्कर्ष असा की यातली ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स कमी दर्जाची असू शकतात. २ मे २०१८ ला यूजीसीने यादीतून ४३०५ जर्नल्स काढून टाकली. पुढे चांगल्या जर्नल्सची नवी यादी करायचं ठरलं, 'केअर' नावाची, आणि तिचं काम पुणे विद्यापीठाकडेच आलं. २०१९ मध्ये ती यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंदही केली. आता कुठलं जर्नल चांगलं हे ज्याच्या त्याच्या संस्थेने ठरवायचं. म्हणजे ज्या संस्थांनी सुचवलेल्या नावांमुळे आधीची यादी नासली, त्यांच्याकडेच चाव्या परत.

मला या १००९ जर्नल्सच्या तपासणीचं फार कौतुक आहे. ही कंटाळवाणी, हमाली प्रकारची मेहनत आहे. प्रत्येक वेबसाईट उघडायची, पत्ता खरा आहे का बघायचं, संपादकाची माहिती तपासायची. आपल्याकडे टेस्टिंग करणाऱ्यांना ती माहीत आहे. आणि मोजायला गेलं तर या सगळ्याचा हिशेब काय? पेपर, एक.

इथे मूळ मुद्द्यावर येतो. आपण सॉफ्टवेअरवाले आहोत, आपल्याला हा रोग ओळखू यायला हवा. १९८२ च्या सुमारास ॲपलमध्ये मॅनेजरांनी ठरवलं की प्रत्येक इंजिनियरने आठवड्यात किती ओळी कोड लिहिला ते फॉर्मवर भरायचं. बिल ॲटकिन्सनने त्या आठवड्यात एक मोठा भाग नव्याने लिहून तो आधीपेक्षा लहान आणि कित्येक पटींनी वेगवान केला होता. त्याने फॉर्मवर लिहिलं, उणे २०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडून फॉर्म मागणंच बंद झालं. हा किस्सा आपण एकमेकांना चहाच्या टपरीवर सांगतो, मॅनेजरला शिव्या घालतो. मी एका कंपनीत (नाव नको) असताना टेस्टरना सापडलेल्या बगच्या संख्येवर बक्षीस ठेवलं होतं. दोन महिन्यांत एकाच बटणाचा रंग, आकार, स्पेलिंग आणि जागा असे चार वेगवेगळे बग नोंदवले जायला लागले. हे सगळं आपल्याला कळतं. आणि त्याच तोंडाने आपण विचारतो, "पेपर किती आहेत?"

आता आकडेच बघायचे असतील तर हा बघा. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत अध्यापकांच्या संशोधनाला गुण द्यायचा एक तक्ता आहे. भाषा, समाजशास्त्र, इतिहास वगैरे विषयांत मान्य जर्नलमधल्या एका पेपरला १० गुण. भारतीय प्रकाशकाने छापलेल्या एका अख्ख्या पुस्तकाला? १० गुण. परदेशी प्रकाशकाचं असेल तर १२. एखादं पूर्ण पुस्तक अनुवादित केलं तर ८.

मी राहतो संत तुकाराम नगरात. मेट्रोच्या पाटीवर, बसच्या पाटीवर, माझ्या आधार कार्डावर तुकोबांचं नाव. तर तुकोबांवरचं उदाहरण घेऊ. सदानंद मोरे पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे. देहूच्या, तुकोबांच्याच घराण्यातले. त्यांचं 'तुकाराम दर्शन' हे जाडजूड पुस्तक आहे, मराठीत. तुकाराम चारशे वर्षांत कुणी कसा वाचला, वारकऱ्यांनी कसा, समाजसुधारकांनी कसा, इंग्रजांनी कसा, याचा शोध. १९९८ चं साहित्य अकादमी पारितोषिक त्याला मिळालं. माझ्या आजोबांकडे ते होतं आणि त्याच्या समासात त्यांनी पेन्सिलने वाद घातलेत. आजोबा फिटर होते, टेल्कोत. तक्त्याप्रमाणे या पुस्तकाचे गुण १०. आमच्या हजेरीच्या पेपरासारखा एखादा पेपर याच शाखांत, नव्वदच्या स्पीडने, बुधवारी स्वीकारून छापला तर त्याचेही १०. (आमच्या पेपरला इंजिनियरिंगचे म्हणून ८. चला, दोन गुणांनी तरी तुकोबा पुढे. :) )

आणि एनआयआरएफमध्ये? तिथे विद्यापीठाला संशोधनाचे शंभरपैकी ३० गुण असतात आणि पेपर मोजले जातात स्कोपस, वेब ऑफ सायन्स या डेटाबेसवरून. मराठी पुस्तक तिथे अस्तित्वातच नाही. शून्यसुद्धा नाही, नल पॉइंटर.

आता तुम्ही म्हणाल की एक तुकाराम सापडला म्हणून काय झालं. बरं, अजून घ्या.

हिंजवडीतले आपण सगळे पावसाळ्यात मुळशीला जातो. धरणाच्या कडेला मक्याचं कणीस खातो आणि फोटो काढतो. ते धरण टाटांनी मुंबईला वीज देण्यासाठी बांधलं, आणि जमिनी बुडणार म्हणून मावळ्यांनी शंभर वर्षांपूर्वी त्याच्या विरोधात सत्याग्रह केला. सेनापती बापट नाव तिथूनच आलं. या लढ्यावरचं जगभर वाचलं जाणारं पुस्तक लिहिलं पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातल्या राजेंद्र व्होरांनी. इंग्रजी आवृत्ती २००९ ची, आणि त्याच्या नावातच दावा आहे की ही जगातली पहिली धरणविरोधी चळवळ. नर्मदेच्या आधी साठ-सत्तर वर्षं. चाकणला, तळेगावला, जिथे जिथे एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या तिथल्या कुणाही माणसाने वाचावं असं आहे.

शर्मिला रेगे. विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात होत्या, २०१३ मध्ये फार लवकर गेल्या. दलित स्त्रियांच्या मराठी आत्मकथनांना त्यांनी २००६ च्या पुस्तकात समाजशास्त्राचा पुरावा म्हणून उभं केलं. तोवर ती 'साहित्य' म्हणून एका कप्प्यात होती. आज देशभरात जात आणि लिंगभाव शिकवताना त्यांचं पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही.

आणि माझं सर्वात आवडतं. संस्कृतच्या प्रगत अध्ययन केंद्रात एस. डी. जोशी आणि रूडबर्गेन नावाचा एक डच माणूस, दोघांनी पतंजलीच्या महाभाष्याचा इंग्रजी अनुवाद टीपांसकट करायला घेतला. पहिला भाग विद्यापीठाने १९६८ मध्ये छापला, मग एकामागून एक भाग. वर्षानुवर्षं. पाणिनीचे नियम म्हणजे काय हे ज्यांनी कंपायलरचा पेपर देताना रट्टा मारला त्यांना सांगायला नको. नियम, अपवाद, कुठला नियम आधी लागेल, दोन नियमांची टक्कर झाली तर कोण जिंकेल. पतंजली त्यावर कोड रिव्ह्यू करतो, आणि हे दोघं त्या रिव्ह्यूचं डॉक्युमेंटेशन लिहीत बसले होते. कुठल्या सहामाही मूल्यमापनात हे बसलं असतं सांगा? 'या सेमिस्टरमध्ये काय केलंत?' 'एका समासाचा अर्थ लागला.'

या सगळ्यांत सारखं काय आहे? हुशारी, ती तर आहेच. पण त्याहून साधी गोष्ट म्हणजे यांच्याकडे कायमची नोकरी होती. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू याची खात्री. त्यामुळे दहा वर्षं लागणारा प्रश्न हातात घ्यायची परवानगी होती. आणि प्रश्न इथल्या मातीतला होता. (मातीवरून आठवलं. माझ्या घरापासून जवळच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आहे. १९५४ साली सुरू झालेला सरकारी कारखाना, आता बराचसा झाडी आणि आठवणी. तिथे तिरुमलाचार यांच्या गटाने एका सूक्ष्मजीवाला नाव दिलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना', आणि त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं. पिंपरीचं नाव लॅटिनमध्ये! कारखान्याचं स्वतःचं संशोधनाचं नियतकालिकही होतं. हे विद्यापीठाच्या खात्यातलं नाही, पण रोज त्या भिंतीवरून जाताना छाती थोडी फुगते, म्हणून सांगितलं.)

खात्यावरून अजून एक. विद्यापीठाची बाजू घेणारे लोक लगेच आयुकाचं नाव घेतात. नारळीकर सरांचं आयुका, सरस्वती महासमूहाचा २०१७ चा शोध, शेजारी एनसीआरए आणि त्यांची खोडदची दुर्बीण, सी-डॅकचा परम. सगळं गणेशखिंडीच्या आवारात किंवा आवारातून चाललेलं, अभिमानाचं. पण त्या स्वतंत्र संस्था आहेत, पैसा दिल्लीहून येतो. भाडेकरूच्या पगारावर घरमालकाने मिशीला पीळ देऊ नये. उलट बघायचं हे, की एकाच आवारात, त्याच झाडांखाली, जिथे पदं भरलेली आहेत आणि वेळ आहे तिथे काम होतंय. मग कुंपणाच्या अलीकडे राज्याच्या विद्यापीठात काय कमी आहे? २०२३ च्या अखेरीस विद्यापीठाने अध्यापकांच्या १११ जागांची जाहिरात काढली. एका विद्यापीठाच्या विभागांत एका वेळी १११ खुर्च्या भरायच्या राहिल्या होत्या, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. तुमच्या टीममधले निम्मे लोक काढून घेतले आणि वर विचारलं की डिलिव्हरी का घसरली, तर तुम्ही काय म्हणाल? मी काय म्हणेन ते इथे लिहिता येत नाही.

मान्य आहे, विज्ञानात पेपर लागतातच. रसायनशास्त्रातला शोध वहीत ठेवून उपयोग नाही. तो छापून येणार, दुसरा कुणी तपासणार, चुकला तर ओरडणार. २०२५ पासून मागे घेतलेल्या पेपरांसाठी एनआयआरएफ गुण कापतं, तेही ठीक आहे. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा जो मसुदा काढला त्यात गुणांच्या तक्त्याऐवजी नऊ प्रकारचं योगदान बघावं असं होतं, आणि भारतीय भाषांतलं काम त्यात एक. कागदावर छान. पण 'बघावं' म्हणजे निवड समितीतल्या कुणीतरी ते काम उघडून वाचायला हवं. वाचायला वेळ लागतो. मोजायला एक्सेल पुरतं. माझी सगळी भांडणं या एका ठिकाणी येऊन थांबतात.

आणि आपण, करदाते, पदवीधर, आपण तरी काय वाचलं? शोधगंगा नावाच्या साईटवर देशभरातले प्रबंध फुकट ठेवलेत, पुणे विद्यापीठाचेही. मी गेले दोन शनिवार तिथेच होतो. मॅनेजमेंटमध्ये एक मोठी जमात आहे, 'विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड'. कर्मचाऱ्यांचं समाधान, विशेष संदर्भ पिंपरी-चिंचवड. ग्राहकांची पसंती, विशेष संदर्भ तोच. हसत होतो, मग एकदम आठवलं की तीन वर्षांपूर्वी एका बाईंनी ऑफिसात येऊन असाच एक फॉर्म दिला होता. चाळीस प्रश्न. मी चार मिनिटांत सगळीकडे 'सहमत' टिक करून चहाला गेलो. म्हणजे कुठल्या तरी प्रबंधातल्या बारचार्टात माझा आळस कायमचा छापलेला आहे, आणि त्यावरून निघालेला पेपरही कुठेतरी मोजला गेला असणार.

आता हे सगळं मला का टोचतंय ते सांगतो.

माझी मावसबहीण, ताई, मराठी शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी. जितके तास घेतले तितके पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. तिची पीएचडी चालू आहे, विषय जात्यावरच्या ओव्या. मावळातून लग्न होऊन इकडे पिंपरी-भोसरीत आलेल्या बायका. जातं गावाला राहिलं, इथे चक्कीवरून पीठ येतं, मग ओव्यांचं काय झालं? पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या कामाच्या पुढचा हा प्रश्न. मला तरी फार चांगला वाटतो. पण एकेका आजीकडे पाच-सहा वेळा गेल्याशिवाय ती गात नाही. पहिल्या खेपेला फक्त सुनेबद्दल तक्रारी मिळतात.

पीएचडीसाठी पेपर सक्तीचे नाहीत, २०२२ च्या नियमांनी ती अट काढली. पण नोकरीच्या अर्जावर कॉलेजसाठीच्या तक्त्यात प्रत्येक पेपरला २ गुण, जास्तीत जास्त ६. तिच्याबरोबर अर्ज करणाऱ्यांकडे पूर्ण सहा असतात. तिच्याकडे दोन. दिवाळीत ती माझ्याकडे आली, फराळाचा डबा ठेवला आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाली, "अरे, तू सॉफ्टवेअरवाला. त्या एआयवरून मला दोन पेपर काढून दे ना. कुणी वाचत नाही ते."

मी काढून दिला. एक. चाळीस सेकंद लागली. 'स्त्रियांची मौखिक परंपरा आणि शहरीकरण', दहा पानं, उपशीर्षकं, निष्कर्ष सगळं. व्यवस्थित होतं. आमच्या हजेरीच्या पेपरापेक्षा कितीतरी व्यवस्थित. ताईने सोफ्यावर बसून पूर्ण वाचला, चिवडा खाणं थांबवून. मग म्हणाली, "यात माझी एकही बाई नाहीये रे."

फाईल तिने पेनड्राइव्हवर घेतली मात्र.

ग्रुपवरच्या त्या सतरा जणांना, आणि मंत्रालयात, दिल्लीत बसून तक्ते आखणाऱ्यांना मला हेच विचारायचंय. ती फाईल पाठवली तर ताईचे गुण वाढतात, कॉलेजचा आकडा वाढतो, विद्यापीठाचं नाव कुठल्या तरी यादीत एकदा जास्त येतं, सगळे खूश. नाही पाठवली, आणि ते दोन महिने ती आज्यांकडे गेली, तर सगळ्यांचे आकडे तेवढ्याने खाली. आपण कुठल्या ताईला पगार देणार आहोत? कारण दोघींना नाही देणार, हे तर दिसतंच आहे.

असो. कपड्यांचं मशीन थांबलंय. उद्या सकाळच्या लोकलने ताई कामशेतला जाणार आहे, तिथून पुढे वडापने. कुणी एक ऐंशीच्या पुढच्या आजी तिसऱ्या भेटीत गायला तयार झाल्यात म्हणे. हिचा रेकॉर्डर बिघडलाय, म्हणून माझा जुना फोन मागितलाय. त्यातले फोटो उडवून जागा करायचीय. पेपर पाठवलास का, हे मी तिला विचारलेलं नाही.